राखणदाराला चुना चालत नाही

प्रिय ताई,

तुझ्या वर्षश्राद्धाला चार ओळी लिहायच्या असं मी ठरवून ठेवलं होतं. शांतपणे, नीट विचार करून, तुला आवडल्या असत्या तशा. त्याला अजून बराच अवकाश आहे. पण आज लिहायला बसले ती आठवण आली म्हणून नव्हे, राग अनावर झाला म्हणून. ज्याच्याशी भांडायचं ते माणूसच निघून गेलेलं असलं की पत्रावाचून दुसरा उपाय काय?

राग तसा सगळ्यांचाच आलाय. आपल्या भावाचा, सुधीरचा आलाय, पांडू गवंड्याचा आलाय, देवळातल्या गुरवाचा आलाय. पण सगळ्यांत जास्त तुझा आलाय. वाडीच्या खालच्या अंगाला, वहाळाकाठी, कोकोच्या झाडांखाली तू जो शेंदूर फासलेला दगड ठेवून गेलीस ना, त्याने मला वेड लागायची पाळी आणली. दगड तुझा, थाप तुझी, आणि निस्तरायचं मी!

झालं असं, की श्रावणात सुधीरचा फोन आला. रजा काढून ये म्हणाला. ताईच्या स्मरणार्थ त्या दगडाभोवती राखणदाराचा चबुतरा बांधतोय, गणपतीच्या आत उरकायचाय. वर फरश्या, भोवती स्टीलचं रेलिंग, रात्रीचा दिवा आणि होमस्टेच्या खोल्यांपासून थेट तिथपर्यंत पेव्हर ब्लॉकची वाट, म्हणजे पाहुण्यांचे पाय चिखलात जायला नकोत. संगमरवराची पाटीसुद्धा श्रीवर्धनहून कोरून आणली होती. तिच्यावर तुझं नाव.

फोन ठेवला आणि मी अलिबागच्या त्या दोन खोल्यांत एकटीच मोठ्याने हसले. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! मग हसू ओसरलं. तो दगड नेमका कुणासाठी बसवला होता आणि चबुतऱ्याखाली काय गाडलं जाणार होतं, हे सबंध जगात आपल्या दोघींनाच माहीत होतं. आणि त्यातली एक वैशाखात गेली.

वादळानंतरची वाडी आठवते तुला? पोफळी आडव्या झालेल्या, माडांची डोकी उडालेली. सगळं गाव सुपारीसाठी आणि नारळासाठी रडत होतं. तू मात्र फोनवर म्हणालीस, ‘सावली गेली गं, शैले.’ मला तेव्हा तुझी कमाल वाटली होती. लोकांचे संसार उघड्यावर आलेत आणि हिला सावलीचं पडलंय! पण पोफळींच्या सावलीत लावलेली तुझी ती कोकोची झाडं उन्हात होरपळून निघाली, पानं तव्यावरच्या पापडासारखी कुरकुरीत झाली, तेव्हा कळलं तू कशाबद्दल बोलत होतीस. मग तू केळी लावल्यास, पांगाऱ्याच्या फांद्या रोवल्यास आणि झाडं पुन्हा झाकली जाईपर्यंत रोज त्यांच्यामधून हिंडत राहिलीस.

एक खालचा कोपरा तेवढा वाचला होता. तिथलं उंडीचं थोराड झाड वादळाला पुरून उरलं, त्यामुळे त्याच्या छायेतली कोकोची झाडंही उरली. तिथला पातेरा वर्षानुवर्षं कुणी झाडला नव्हता. वीतभर कुजकी पानं, त्यावर तू फोडून टाकलेल्या कोकोच्या फळांची सालं, आणि खाली काळी, ओली, भुसभुशीत माती. तिथेच तुला ती सापडली. देवगांडुळं.

मला पहिल्यांदा दाखवलंस तेव्हा मी चार पावलं मागे सरले होते. सापाचं पिल्लूच वाटलं. तू जमिनीवर बसलीस आणि शाळेत शिकवायचीस त्याच आवाजात सुरू झालीस. साप नाही गं, आणि गांडूळही नाही, हा बेडकाचा भाऊबंद. पाय नाहीत, अंगावर वळ्या, डोळे असून नसल्यासारखे, जन्म मातीखाली आणि मरणही मातीखाली. कातडी ओली राहिली तर जगतो, कोरडी पडली की संपला. मीठ लागलं, चुना लागला, फवारणीचं औषध मुरलं की तडफडतो. ‘आणि आई कशी असते बघ,’ म्हणत तू कुजकी सालं अलगद बाजूला केलीस. काळपट जांभळ्या अंगाचं वेटोळं होतं आणि वेटोळ्याच्या आत मण्यांसारखी अंडी. ती हललीसुद्धा नाही. तू सालं पुन्हा जशीच्या तशी पांघरून ठेवलीस आणि हात पदराला पुसलेस. ते बघून मला आपल्या आईची आठवण झाली होती, हे तुला कधी बोलले नाही.

पण वाडी साफ करायला आलेल्या गड्यांना काय त्याचं? पडलेले ओंडके उचलले की खालून एखादं वळवळत निघायचं, आणि कोयता चालायचा. तू आरडाओरडा केलास. सगळ्यांना उंडीखाली बसवून समजावलंस. चहा पाजून समजावलंस. पांडू मान डोलवायचा, व्हय बाय, व्हय बाय म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी तुला पुन्हा दोन तुकडे सापडायचे. पालथ्या घड्यावर पाणी. सुधीर तरी काय वेगळा होता? त्याला पाहुण्यांच्या मुलाबाळांची काळजी. तो तर फिनेल आणून ओततो म्हणाला.

आणि मग एके दिवशी तू वहाळातला एक गोल दगड आणलास, त्याला शेंदूर फासलास आणि गावभर सांगितलंस की स्वप्नात राखणदार आला होता, जागा हीच म्हणाला.

तू? ताई, तू? जिने आठवीचा अख्खा वर्ग भर दुपारी पिंपळाखाली नेला, ‘कुठाय तुमचा मुंजा, बोलवा’ म्हणत तिथेच सगळ्यांना डबे खायला लावले, ती तू? बायका काजव्यांना पितर म्हणतात म्हणून हसून लोळणारी तू? मी फोनवर तुला चांगलंच झापलं. तू खोखो हसत होतीस. म्हणालीस, ‘शैले, जन्मभर फळ्यावर लिहून जे जमलं नाही ते एका दगडाने एका दिवसात करून दाखवलं.’

खोटं नव्हतं ते. त्या दिवसापासून त्या कोपऱ्यात कोयता गेला नाही. आणि तुझे नियम! राखणदाराला झाडू चालत नाही, पातेरा उचलायचा नाही. राखणदाराला कुदळ चालत नाही. मीठ चालत नाही, कुणी दृष्ट काढून तिथे टाकायची नाही. औषधाचा पंप वहाळाच्या अलीकडेच थांबवायचा. आणि सगळ्यांत कडक नियम, राखणदाराला चुना चालत नाही. बेडकाच्या भाऊबंदाची सगळी पथ्यं तू देवाच्या तोंडी घातलीस आणि गावाने ती डोळ्यांत तेल घालून पाळली. मीही शेवटी हसले तुझ्याबरोबर. म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

पण एका माणसाचा तू विचार केला नाहीस. मेधाचा.

सुधीरच्या बायकोबद्दल आपण दोघी लग्नाच्या वेळी काय काय बोललो होतो! शिष्ट आहे, मुंबईची आहे, नारळ सोलता येत नाही. आणि तुझ्या आजारपणात सगळं केलं ते तिनेच ना? पथ्याची पेज, औषधं, अंग पुसणं, रात्रीची जाग. मी आपली शनिवार-रविवारची पाहुणी. ती रोज दिवेलागणीला अनवाणी खाली जायची, त्या दगडापुढे पणती ठेवायची आणि तुला बरं कर म्हणून हात जोडायची. तुझ्या खिडकीतून ती पणती दिसायची. मी एकदा म्हटलं, ताई, सांगून टाक ना तिला. तू खिडकीकडे बघत म्हणालीस, ‘तिला काहीतरी करायला हवंय गं. करू दे.’

हे तू तिच्यासाठी म्हणालीस, की त्या मातीखालच्या जिवांसाठी? तिची आशा मोडू नये म्हणून गप्प बसलीस, की राखणदारावरचा लोकांचा विश्वास उडू नये म्हणून? तेव्हाच विचारायला हवं होतं. आता कोण सांगणार!

तर मी आले. आगरदांड्याच्या फेरीबोटीत उभी राहून काय काय बोलायचं ते पाठ करत आले. सुधीरला म्हटलं, तिथे ओल फार, चबुतरा खचेल. तो म्हणाला, खोल खणून दगडांचं सोलिंग करू. म्हटलं, उंडीची मुळं तुटतील. तो म्हणाला, मग उंडीच काढू, पाहुण्यांच्या डोक्यावर फांदी पडायची. घ्या! वादळाने सोडलेलं झाड माझ्या अकलेने जायची वेळ आली. मेधा म्हणाली, शैलाताई, त्यांनी एवढं केलं राखणदाराचं, आपण एवढंही करू नये का? तिचा चेहरा बघून मी जेवणाची पानं घ्यायला उठले.

दुसऱ्या दिवशी उघडीप होती. पांडू सूत आणि पहार घेऊन हजर. चबुतऱ्याची आखणी करायची म्हणून त्याने पाटीभर फक्की आणली होती, आणि मी पोचेपर्यंत पातेऱ्यावर एक पांढरी रेघ ओढूनही झाली होती. चुन्याची! तुझ्या कोपऱ्यात, ताई, त्या ओल्या मातीवर चुना! माझं डोकंच फिरलं. मी धावत जाऊन त्याच्या हातातली पाटी हिसकावली आणि ओरडले, ‘पांडू, राखणदाराला चुना चालत नाही!’

तोंडातून निघून गेलं. पांडू जागच्या जागी थिजला. त्याने दोन्ही हात कानांना लावले आणि फक्की पडलेला पातेरा माझ्यासोबत मुकाट्याने उचलून लांब नेऊन टाकला. क्षणभर मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! तुझी किल्ली माझ्याही हाताने फिरली. वाटलं, सुटलो.

सुटतोय कसला! पांडूच म्हणाला, ‘बाय, असा डोक्याला ताप न्हाय करायचा. देवळात कौल लावू. तो सांगंल तसा करू.’ सुधीरला पटलं. मेधाला पटलं. मला नाही म्हणायला तोंड कुठे होतं? राखणदाराचं नाव मीच घेतलं होतं ना?

मग आम्ही सगळे देवळात. गुरवाने पाषाणाला दोन्ही अंगांनी फुलाच्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं की बाबा, तुझ्या राखणदाराचा चबुतरा बांधायचा आहे, मर्जी असेल तर उजवा दे. मी मनातल्या मनात डाव्या कळीला ढकलत उभी. होय, मी! तुझी बहीण, तुझीच विद्यार्थिनी, एका कळीची विनवणी करत होते. ताई, तू बघितलं असतंस तर पोट धरून हसली असतीस.

उजवी कळी पडली. टपकन.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता चबुतरा नुसता सुधीरचा राहिला नाही, देवाचा झाला. बाहेर पडताना सुधीर म्हणाला, शैलाताई, आता तरी मन मोकळं झालं ना? मला त्याला धरून हलवावंसं वाटलं. आणि त्याहून तुला. थाप मारायची ती मारलीस, पण तिच्या पुढे काय होणार याचा एवढासाही विचार केला नाहीस? दगडाला देव केलास की तो तुझा राहत नाही, गावाचा होतो. त्याला घर बांधायची इच्छा होते, दिवाबत्ती करायची इच्छा होते, आणि त्यात वाईट काय आहे? लोकांनी तुझ्या खोट्यावर माया केली, ताई. आणि ती माया सिमेंट घेऊन आली.

त्या दुपारी मी ठरवलं. जेवणं झाली, पाहुणे समुद्रावर गेले. मी सुधीर आणि मेधाला म्हटलं, चला माझ्याबरोबर, काहीतरी दाखवायचंय. मेधा सवयीने चपला काढून आली.

दगडाच्या अलीकडे मी तुझ्यासारखी खाली बसले.  कोकोची सालं एकेक करून बाजूला केली. पहिल्या ठिकाणी काही नव्हतं. दुसऱ्या ठिकाणीही नाही. सुधीर घड्याळ बघायला लागला. मनात आलं, नसेलच आता काही, चुन्याने गेली असतील, आणि मी इथे उगाच तमाशा मांडलाय. तिसऱ्या ठिकाणी, उंडीच्या मुळाशी, ती होती. तेच वेटोळं, आत अंडी. उजेड पडला तशी तिने अंग अजून आवळलं, पण जागा सोडली नाही.

मी सांगायला लागले. वादळापासून सगळं. कोयत्यांचं, तुझ्या समजावण्याचं, वहाळातल्या दगडाचं, स्वप्नाच्या थापेचं. राखणदार नाही, नव्हताच, ताईने ह्यांच्यासाठी बसवला होता. चबुतरा बांधलात तर जे राखायचं म्हणून हे सगळं केलं तेच फरशीखाली मरेल.

सुधीर आधी हसला, मग संतापला. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही म्हणाला. कौल घेतला, पाटी कोरली, लोकांना काय सांगू, की आमच्या शिक्षिका ताईने तुम्हाला बनवलं? त्याचं सगळं खरं होतं. मी ऐकून घेतलं.

मेधा त्या वेटोळ्याकडेच बघत होती. तिने एकच विचारलं. ‘मी रोज पणती लावत होते. ताईंना माहीत होतं, इथे कुणी नाही म्हणून?’

मी हो म्हटलं.

‘आणि त्या मला नको म्हणाल्या नाहीत.’

मी सालं पुन्हा त्या वेटोळ्यावर पांघरायला लागले. तू म्हणाली होतीस ते सांगितलं असतं, तर तिला आणखी लागलं असतं. ती उठली आणि तशीच अनवाणी वर गेली. त्या संध्याकाळी तिथे पणती लागली नाही. नंतरही नाही. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची. तुझ्या खोलीचं दार तिने ओढून घेतलं.

काम थांबलं. सुधीरने गावात सांगितलं, कसं सांगितलं ते देव जाणे. काही लोक हसले, काहींनी जाता-येता बोलणं बंद केलं. पांडू बिचारा मला म्हणाला की बायनं आमाला कशाला फशिवला, सरळ सांगायचा व्हता. मी त्याच्याकडे बघतच राहिले. सरळ सांगितलंच होतं ना रे! चहा पाजून सांगितलं होतं!

आणि खऱ्याचं बक्षीस काय मिळालं, ऐकायचंय? भीती गेली, तशी पथ्यंही गेली. पुढच्याच आठवड्यात वहाळापलीकडच्या वाडीतल्या गड्याने तीन मारली. आता राखणदार नाय ना, मग काय, असं म्हणत मारली म्हणे. आपल्या बांधावर आणून टाकली होती, जणू आपली वस्तू आपल्याला परत. मी तिथे उभी राहून रडले, ताई. दुःखाने नाही, चिडून. खोटं बोललीस तू, तर ती सिमेंटखाली जाणार होती. खरं बोलले मी, तर कोयत्याखाली गेली. मग बोलायचं तरी काय माणसाने?

माझं रडणं मेधाने विहिरीवरून पाहिलं असावं. ती खाली आली. ते तुकडे बघितले.  सोवळ्याओवळ्याची एवढी कटकट करणारी बाई, तिने ते हाताने उचलून केळीच्या पानावर ठेवले आणि तशीच वहाळ ओलांडून पलीकडे गेली. मी मागोमाग. तो गडी झावळ्या ओढत होता. मेधाने पान त्याच्या पुढ्यात ठेवलं.

‘लेकुरवाळी आहे ती,’ म्हणाली. ‘अंडी सोडून पळत नाही. पळाली असती तर वाचली असती. तिला मारलंस.’

आवाज चढवला नाही, शाप दिला नाही, कुणा देवाचं नाव घेतलं नाही. गड्याने मान वर केली नाही. मालक बाहेर आला, त्याच्या बायकोनेही येऊन पान बघितलं.  मग नवऱ्याला म्हणाली की त्या बाजूचा पातेरा आता राहू दे. बस, एवढंच. उद्या काय करतील मला माहीत नाही. पण तुझ्या दगडाशिवाय कुणीतरी कोयता थांबवला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

परत येताना मेधा वहाळात हात धूत बसली. पुष्कळ वेळ धूत होती.

मी कागद घेऊन उंडीखाली बसलेय ते तिने आज सकाळी पाहिलं. ताईंना लिहिताय का, म्हणाली. मी मान हलवली. ती कोकोची फळं तोडत होती, पिवळी पिवळी, तुझ्याच त्या आकड्याने. दोन-चार फळं पाटीत टाकली. मग पाठमोरीच म्हणाली, ‘त्यांना लिहा, मी अजून रागावलेय. पुष्कळ दिवस रागावणार आहे. पण चैत्रात इथली माती सुकायला लागली की पाणी मी घालीन. दिवेलागणीलाच घालीन.’

लिहिलं, ताई. जसं सांगितलं तसं लिहिलं.

आता माझं. तुझा तो दगड मी वहाळात तू जिथून आणला होतास तिथे ठेवून आले. शेंदूर पावसाने निघेल हळूहळू. संगमरवराची पाटी सुधीरने गोणपाटात गुंडाळून पडवीत उभी केलीय. ती खड्डा न खणता, खिळा न ठोकता, उंडीला सुंभाने बांधणार आहोत. तुझ्या नावाची बाजू आत आणि कोरी बाजू बाहेर. तिच्यावर काय लिहायचं ते मेधाला ठरवू दे म्हटलंय. सुधीर तोंड फुगवून आहे, पण काल त्याने पाहुण्यांच्या मुलांना तिकडे नेताना आधी स्वतःच्या हातांना लागलेलं मीठ धुतलं, आणि मुलांनाही धुवायला लावलं. मीठ-तिखट लावून पेरू खात होते सगळे.

आणि तुला वचन देते. इथे येईन तेव्हा, ज्याला ऐकायचं त्याला आणि ज्याला नाही त्यालाही, मी खरंच सांगेन. ऐकणार नाहीत, हसतील, दुसऱ्या दिवशी पुन्हा मारतील, मी पुन्हा चिडेन आणि पुन्हा सांगेन. पण तुझा राखणदार मी परत बसवणार नाही, कितीही मोह झाला तरी. आणि मेधाची माफी तू मागितली नाहीस, ती तुझ्या वतीने मी मागेन. आज नाही. चैत्रात, ती पाणी घालत असेल तेव्हा, दुसरी कळशी घेऊन.

अजून चिडलेली,
तुझी शैला